सायकलवरून आलेला उपचार



निमंत्रणपत्रिकेवर आमच्या विषयाचे नाव वाचून एका गृहस्थांनी आम्हांस वाटेत गाठले आणि विचारले, "घरोघरी मोटारसायकल आली, आणि तुम्ही सायकल कुठली काढलीत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देता देताच आजचा तास संपेल, अशी आमची समजूत आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढे जे शिकलो ते साखर कामगारांच्या संघटनेच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकातल्या ओळीखाली बोट धरून. तेव्हा औषधाच्या बाबतीत आम्ही जे सांगू ते जाणकार डॉक्टरांना विचारून घेतलेले आहे. कामगाराच्या बाबतीत जे सांगू ते मात्र आमचे स्वतःचे.

आमच्या पिढीने सरकारी औषध दारापर्यंत आलेले पाहिले ते सायकलवरून. हिवतापाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि १९५८ पासून त्याला निर्मूलनाचे नाव मिळाले. त्या कार्यक्रमाचा मनुष्य पंधरा दिवसांनी घरोघर फिरे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, त्याने या भागाला ऊस दिला, पैसा दिला, आणि डासही दिले. त्यामुळे आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकात, हा मलेरियावाला आम्हा पोरांच्या चांगलाच ओळखीचा होता. कॅरिअरला पत्र्याची पेटी, खांद्याला पिशवी. "ताप कुणाला आहे का?" असे विचारून तो बोटाला सुई टोचायचा, काचपट्टीवर थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायचा आणि जाताना भिंतीवर तारीख टाकून जायचा. पुढच्या खेपेला आधीची तारीख त्यालाच दिसे, आणि त्याच्या वरच्या साहेबालाही दिसे. घरातली म्हातारी माणसे त्याला चहा दिल्याशिवाय सोडत नसत.

या माणसाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. तो न बोलावता येत होता, त्याला कोणाचे घर कुठे आहे हे पाठ होते, आणि तो पगारी नोकर होता.

तथापि तो तातडीचा मनुष्य नव्हे. तातडीच्या वेळी आपल्याकडे पूर्वापार उलटीच चाल. उपचार जागेवर बसलेला आणि रुग्ण चालता! बाजेवर घालून न्या, झोळी करून न्या, बैलगाडीत गवत पसरून न्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या वस्तीतले आजारी पोर सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या दवाखान्यापर्यंत नेले, आणि त्याच संसर्गाने १० मार्चला त्या गेल्या. आपण ती गोष्ट भक्तीने सांगतो, आणि सांगावीच. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ऊसाच्या फडावर रुग्णाला पाठीवर घेण्याची पाळी येते, हे सांगताना आपला आवाज तितका चढत नाही.

फड म्हणजे काय हे शहरातल्या मंडळींना थोडे सांगितले पाहिजे. दिवाळी सरली की बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडे कर्मयोगी, नीरा-भीमा, कारखान्यांची काही वाण नाही. मुकादमाने उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; दोन माणसे, पण हिशेबाला एक. कोणी टायरगाडीवाले, कोणी ट्रॅक्टरच्या टोळीतले. पहाटे अंधारात निघायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रेलरवर चढायचे. पालांच्या आणि पाचटाच्या कोप्यांत राहायचे, भुईवर निजायचे. फड तुटला की कोप्या उचलून दुसऱ्या गावाच्या शिवारात. सबब फडाला पत्ता नसतो. गट नंबर असतो, तो तलाठ्याला ठाऊक.

आता कायदा पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ४५ वे कलम सांगत असे की दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचाराची पेटी पाहिजे, ती शिकलेल्या माणसाच्या ताब्यात पाहिजे, आणि कामगार ५०० हून अधिक असतील तर ॲम्ब्युलन्सची खोली, परिचारक व सामानासकट पाहिजे. चांगले कलम होते. ते कागदावरून खोलीत उतरावे म्हणून आम्ही किती वेळा फाटकाशी बसलो त्याचा हिशेब आमच्या कचेरीत आहे. पण हे कलम कारखान्याच्या आवाराचे होते. गव्हाणीत ऊस टाकणारा कायद्याने कामगार. तोच ऊस तोडणारी बाई फाटकाबाहेरची. तिचे नाव हजेरीपटावर नाही, मुकादमाच्या वहीत आहे, आणि तेही बहुधा नवऱ्याच्या नावात बुडालेले!

याचा अर्थ काय होतो तो एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी कालव्याच्या अंगाच्या एका फडात एका बाईच्या पोटरीवर कोयता बसला. बायांनी लुगड्याचा पदर फाडून हळद भरली. मुकादमाने चिटबॉयला फोन केला, चिटबॉयने कारखान्यात केला. कारखान्याचे नाव आम्ही घेत नाही. गाडी फाटकाशी उभी होती, चालक जागेवर होता; तिकडून विचारणा झाली की बाई आपल्या हजेरीवर आहे काय. दरम्यान एका पोराने १०८ ला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सभ्यपणे विचारले, "गाव कोणते?" पोराला आपले गाव ठाऊक, हे गाव ठाऊक नाही. "कॅनॉलजवळ" एवढेच तो सांगत राहिला. शेवटी ट्रॅक्टर ट्रेलरपासून सोडवला आणि बाईला मडगार्डवर धरून बसवून नेले. बाई वाचली. तिच्या पायाचा पंजा मात्र आता उचलत नाही, आणि पंजा उचलत नाही तो माणूस मोळी घेऊन फळी चढू शकत नाही, म्हणजे कोयता अर्धा झाला. उचल मात्र पुरी फेडायची.

पुढे चौकशी करताना आम्हांस कळले की दीड किलोमीटरवरच्या वस्तीवर आशाताई त्या वेळी घरीच होत्या. त्यांना कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी त्यांच्यापाशी ना दाबून बांधायची पट्टी होती, ना ती कशी बांधावी याचे शिक्षण, ना धावत गेल्यास कोणी मोबदला देईल असा कागद. दारात सायकल होती, तिच्या मुलीची.

त्या दिवशी आमच्या मनात हा विषय पक्का झाला, आणि मग आम्ही डॉक्टरांचे डोके खायला सुरुवात केली. माणूस किती वेळात जातो, असा आमचा अडाणी प्रश्न. त्यांनी जे सांगितले ते असे. मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच खेळ आटोपतो, आणि ती मिनिटे जखमेवर घट्ट दाब देणाऱ्या दोन तळहातांची असतात, डॉक्टरांची नसतात. हृदय बंद पडले तर कोणी छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता शेकडा ७ ते १० नी उतरते. छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबावे लागते. हे शिकायला पदवी लागत नाही. आमच्या सभासदांनी एका दुपारी उशीवर शिकून घेतले. हसत शिकले, पण शिकले.

सापाचे प्रकरण याहून निराळे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सुमारे ५८ हजार, आणि बहुतेक सारी खेड्यातली. कोपीत भुईवर निजणाऱ्याचा वैरी मण्यार. तो रात्री येतो, अंथरुणात शिरतो, त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. माणूस पहाटे पोट दुखते म्हणतो, पापण्या जड होतात, आणि मग श्वासाचे स्नायूच थकतात. विषावरची लस रस्त्यावर टोचण्याची वस्तू नव्हे, ती दवाखान्यातच दिली पाहिजे. मग सायकलवाल्याने येऊन काय करायचे? पुष्कळ. जखम चिरू द्यायची नाही, चोखू द्यायची नाही, दोरीने करकचून आवळू द्यायची नाही. जोडवी, पैंजण, अंगठ्या सूज चढण्याआधी काढायच्या. पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, चालू तर मुळीच द्यायचे नाही. श्वास मंदावला तर हाताने दाबायच्या फुग्याने श्वास देत राहायचे. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे देवऋष्याकडे निघालेल्या गाडीचे तोंड दवाखान्याकडे फिरवायचे. हे शेवटचे काम परक्याने होत नाही. ओळखीच्याच माणसाचे ऐकतात.

विंचवाविषयी आपल्या महाराष्ट्राने जगाला शिकवलेले आहे. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाच्या, मूळ रक्तदाबावरच्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कुठल्या कुठे खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी ती, महाग नव्हे. वेळेवर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटात गेली पाहिजे, एवढेच.

हे सारे ऐकल्यावर आमच्या ध्यानात आले की आपण सायकलीकडे चुकीच्या बाजूने पाहत होतो. सायकलवर रुग्णाला बसवून न्यायचे, हा विचार टाकून द्यावा. युरोपात गेल्या शतकाच्या आरंभी दोन सायकलींच्या मध्ये झोळी बांधून रुग्ण नेत. आफ्रिकेत आजही सायकलीला गाडा जोडून नेतात, आणि जिथे दुसरे काहीच नाही तिथे तेही उपकारच. पण आपल्याकडे गाडी आहे. फक्त ती येईपर्यंतचा वेळ रिकामा आहे. त्या रिकाम्या वेळात उपचाराने रुग्णाकडे जायचे, आणि गाडी आली की रुग्णाने गाडीत जायचे.

गाडीविषयी अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. २०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांपैकी २३३ प्रगत साधनांच्या. डॉक्टर गाडीतच. त्या सेवेने खेड्यापाड्यांतले असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण गाडीला रस्ता लागतो आणि पत्ता लागतो. आमचा हिशेब ऐका. गाडी १५ किलोमीटरवर आहे, तासाला ४० च्या वेगाने निघाली, तर साडेबावीस मिनिटे. त्यात फोन लागण्याची, पत्ता कळण्याची आणि ऊसाने भरलेल्या दोन दोन ट्रेलरांच्या मागे अडकण्याची मिनिटे मिळवा. सायकल तासाला १२ धरली, ती चिखलाच्या चाकोरीतून आणि कालव्याच्या भरावावरून, तरी दोन किलोमीटरला दहा मिनिटे. सायकल गाडीपेक्षा वेगवान नाही; ती जवळ आहे.

लंडनसारख्या शहराला हे पटले. २००० साली टॉम लिंच नावाच्या, पूर्वी सायकलच्या शर्यती गाजवलेल्या रुग्णसेवकाने तिथल्या ॲम्ब्युलन्स खात्यात सायकलवरून जाण्याचा प्रयोग केला, आणि पुढे त्याचे पथकच झाले. प्राणवायू, हृदयाला धक्का देणारे यंत्र, सारे सायकलच्या दोन बाजूंच्या पिशव्यांत. बऱ्याच रुग्णांचे काम जागीच होते आणि मोठी गाडी दुसऱ्याच्या कामी राहते. त्या लोकांना काय मोटारी कमी आहेत?

आपल्याकडे २०१७ च्या ऑगस्टात मुंबईत मोटारसायकलवरून डॉक्टर पाठवण्याची सोय सरकारने सुरू केली, आणि मेळघाट-पालघरसारख्या दुर्गम भागांतही ती नेली. पश्चिम बंगालात जलपाईगुडीकडचे करीमुल हक हे चहाच्या मळ्यातले कामगार. गाडीअभावी आई गेली, म्हणून त्यांनी आपल्या मोटारसायकलवरून गावचे रुग्ण फुकट नेण्याचे व्रत घेतले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आम्ही त्यांच्यापुढे हात जोडतो. मात्र मळ्यातल्या मजुराला ते काम स्वतःच्या पेट्रोलने करावे लागले, याची नोंद मळ्याच्या आणि सरकारच्या खात्यात कोणत्या बाजूला करायची?

फार लांब कशाला, तुकोबारायांची पालखी आठवा. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. आमचा सारा मुलूख ती पायी ओलांडते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला रिंगण. त्या गर्दीत कोणी वारकरी कोसळला तर चारचाकी गाडी पोचणार कशी? म्हणून आरोग्य खात्याने पालखीमार्गावर दुचाकीवरचे आरोग्यदूत फिरवले. २०२३ साली तर 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' या नावाने मोठीच योजना राबवली. वारकऱ्यांसाठी जे झाले ते उत्तमच. आमचे म्हणणे इतकेच की त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना, त्याच शिवारात, पाच महिने ऊसतोड्यांचा मुक्काम असतो. तेव्हा हे दूत का दिसू नयेत?

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. मोटारसायकल का नको? ज्याच्याकडे आहे त्याने खुशाल न्यावी. पण हे काम ज्या माणसाच्या हातात जावे असे आम्हांस वाटते, तो माणूस पुरुष नव्हे आणि मोटारसायकलवाला नव्हे. ती वस्तीवरची आशाताई आहे, किंवा टोळीतलीच एखादी शिकलेली सून आहे. टोळी ज्या मागास तालुक्यांतून येते, तिथल्या पुष्कळ मुलींना शाळेला जाण्यासाठी सरकारने सायकली दिलेल्या आहेत. त्या मुली आता कोयता धरतात. त्यांना सायकल चालवता येते, परवाना लागत नाही, पेट्रोलसाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही.

इथे आम्ही जरा थांबणार आहो, कारण आमच्या मते खरा प्रश्न चाकांचा नाहीच. आशाताईंची नेमणूक २००५ पासूनची. कायद्याच्या लेखी त्या नोकर नाहीत, स्वयंसेविका आहेत. कामागणिक मोबदला. २०१३ च्या मे महिन्यात ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने, जिथे सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसतात, अशा योजनांतल्या बायांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला, शिफारस तशीच. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला, आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा कुठे २०२४ च्या मार्चमध्ये मानधनात पाच हजारांची वाढ कागदावर आली. आणि अशा बाईला आम्ही आता सांगायचे, की रात्री दोन वाजता फोन वाजला की सायकल काढ, कालव्याच्या भरावावरून एकटी जा, सापाच्या कोपीत शिर? सांगायचे असेल तर आधी तिचे नाव पटावर घ्या. रात्रीच्या फेरीचा दर ठरवा. तिला काही झाले तर भरपाई कोण देणार ते लिहून द्या. सोबतीला दुसरा माणूस द्या, विजेरी द्या. मलेरियावाला पगारी होता म्हणूनच पंधरा दिवसांनी न चुकता येत होता; भक्तीने आला असता तर पहिल्या पावसाळ्यात बंद झाला असता.

आमच्याच काही मित्रांचा याच्या उलट आक्षेप आहे. ते म्हणतात, सायकल मागाल तर सरकार आणि कारखानदार गाडी द्यायचे टाळतील. 'दिली की सायकल' म्हणतील. ही भीती पोकळ नाही. म्हणून आमच्या मागणीच्या अर्जात सायकलच्या आधी गाडीचे कलम आहे: गळीत हंगामात कारखान्याची गाडी फाटकाबाहेरच्या माणसालाही हजेरी न विचारता गेली पाहिजे. दुसरे कलम पत्त्याचे. कारखान्याच्या शेतकी खात्याला आज कोणती टोळी कोणत्या गटात आहे हे रोज ठाऊक असते, कारण त्याशिवाय ऊस येत नाही. तीच यादी रोज सकाळी आरोग्य केंद्राला आणि आशाताईला मिळावी. याला एक पैसा लागत नाही. ऊसाचा पत्ता ठेवता येतो, तर माणसाचा का नाही? सायकल तिसऱ्या कलमात.

एक गोष्ट बायकांना विचारूनच करायची. मलावी नावाच्या आफ्रिकी देशात बाळंतिणींना नेण्यासाठी सायकलचे गाडे दिले, तर पुष्कळ बाया त्यात बसेनात. साऱ्या गावाला दिसते की हिला कळा आल्या, ही त्यांची अडचण. ती अडचण गाडे बनवणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. आमच्या बायांनी पहिलीच सूचना केली की पेटीवर लाल खूण नको, साधी पिशवी द्या. बाळंतपणाला आलेली बाई आहे हे मुकादमाला कळायला नको, नाही तर तो दुसऱ्या दिवसापासूनचा खाडा मोजू लागतो. आम्हां पुरुषांना हे सात जन्मांत सुचले नसते.

रस्त्यावरच्या अपघाताविषयी एकच सांगतो, कारण पुणे-सोलापूर रस्ता इंदापुरावरून जातो आणि आपण सारे त्याने जातो. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागतो, ही समजूत जुनी झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावाने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला नावगाव सांगायला लावता येत नाही.

पेटी आम्ही सोबत आणली आहे. जाड घडीच्या पट्ट्या, रुंद चिकटपट्टी, कात्री, दोन फळ्या, हातमोजे, श्वासाचा फुगा, जलसंजीवनीच्या पुड्या, स्वच्छ प्रसूतीचे सामान, विजेरी, आणि गट नंबरांची वही. शिवाय पंक्चरचे सामान, कारण पाचटात काटे असतात. सायकल बाहेर व्हरांड्यात उभी आहे. दाबून पट्टी कशी बांधावी हे दाखवायला दोघी आशाताई आल्या आहेत. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. उशी आहे, आणि हसण्याची मनाई नाही.